चार सेकंदांची कुस्ती

एका टिचकीत राक्षस उडवायचा आन् वर जांभई द्यायचा, असला जपानी कार्टूनमधला हिरो निकिताला लई आवडायचा. एवढी ताकद असून लोक त्यालाच लबाड म्हनायचे. ते मोबाईलवर बघून तालमीतल्या पोरी पोट धरून हसायच्या, निकिता सगळ्यात जास्त.

काष्टीकडच्या एका जत्रेत तिची कुस्ती धनश्रीशी लागली. सलामी झाली न्हाई तोच निकितानं ढाक डाव मारून तिला चितपट केलं. चार सेकंदात!

"नुरा हाय, नुरा! आधीच ठरवून पडली!" अख्खं मैदान बोंबललं.

पंच खेकसला, "लोकं काय येडी हायेत का गं? परत लढा, न्हाईतर दोघी भायेर. कुठल्याच जत्रंत जोड लागू देनार न्हाई."

निकिताचं डोकं फिरलं. मग तिनं मुद्दाम दहा मिनिटं घालवली. खोट्या धापा टाकत राहिली, दोनदा मुद्दाम खाली गेली, आन् शेवटाला धनश्रीला पुन्हा चितपट केलं.

फेटे हवेत उडाले. "याला म्हनत्यात कुस्ती!"

निकितानं उठवायला हात पुढं केला. धनश्रीनं तो झटकला.

 

"पयल्यांदा तू मला पाडलंस. आत्ता गावापुढं नाचवलंस."