मोटारीची दृष्ट

"बाई, तुमीच उतरवा. तुमचा हात गुणाचा हाय," असं म्हणून मनकर्णेने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या थोरल्या जावेच्या, पार्बताबाईच्या ओंजळीत घातल्या.

अमरावतीच्या राजापेठेत कुणाचं पोर रडायचं थांबेना, कुणाची म्हैस पान्हवेना, की बोलावणं यायचं ते पार्बताबाईलाच. आज तिच्याच अंगणात मोटार अडून बसली होती. धाकट्या दिराची, खुशालरावाची. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून त्याने ती आणली, जखमी शिपाई वाहणारी, आणि सुताराला हाताशी धरून तिचं फिरतं घर केलं. काल तिला हार घातले, नारळ फोडला, मनकर्णा नवं लुगडं नेसून आत बसली. ओंकारेश्वरला जायचं, तिथून नाशिकला, आणि जिथे सांज होईल तिथे मुक्काम! पण मोटार काही जागची हलेना. मिस्त्रीने सगळं खोलून पाहिलं, नुक्स सापडला नाही. तेव्हा खुशालराव स्वतःच म्हणाला, "हिले दृष्ट लागली."

कोणाची लागली ते पार्बताबाईला ठाऊक होतं. काल सगळे हार घालत असताना तिने तोंडाने 'सुखानं जा वो माय' म्हटलं होतं आणि मनात म्हटलं होतं, 'न जावो मेली!'

मुठी आवळून ती मोटारीभोवती निघाली. माणसाची दृष्ट बसल्या जागी उतरते. हिच्याभोवती फिरावं लागलं, आणि फिरताना सगळं पुन्हा पाहावं लागलं. खिडकीला हिरवा पडदा. निजायच्या फळीखाली पिठाचे, डाळीचे डबे, हादऱ्याने पडू नयेत म्हणून पट्ट्याने बांधलेले. शिपाई कण्हत पडायचे त्या जागी आता म्हणे गादी! मागच्या दाराकडे पाहायचंच नाही असं तिने ठरवलं होतं. पण दार सताड उघडं होतं आणि आतला ओटा दिसलाच.

तो ओटा किती दिवसांपासून तिच्या डोळ्यांत सलत होता. त्याच्यावर पंपाचा स्टो ठेवायचा आणि उभ्याने स्वयंपाक करायचा. सुताराने फळी ठोकण्याआधी खुशालरावाने बायकोला मोटारीत उभं केलं आणि तिच्या कमरेच्या उंचीचं माप घेतलं. पार्बताबाईने ते बाजाराची वांगी निवडता निवडता पाहिलं होतं. तिचं स्वतःचं माप आजवर कोणी घेतलं असेल तर बांगड्या भरणाऱ्या कासाराने. घरची चूल तिच्या आजेसासूने घातलेली. पुढे येईल त्या सुनेने तिच्यापुढे वाकावं, धूर खावा. नवरा काही वाईट नव्हता. शेषरावाच्या डोक्यात असलं काही येतच नसे, आणि तिला त्याचाच जास्त राग यायचा.

"आल्याची, गेल्याची, पाहुण्याची, वाटसराची..." ती पुटपुटत होती. यापुढे 'घरच्याची' म्हणायचं असतं. तिथे जीभ अडली. नुसते ओठ हलवून ती पुढे गेली.

शेगडी फुलली होती. शेषराव, खुशालराव, दोनचार शेजारी सभोवती उभे होते. निखाऱ्यावर मिरच्या पडून ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच. मिरच्या जळून गेल्या आणि कोणी खोकलं नाही, तर दृष्ट पक्की. मग ती लागली कोणाची, हे शोधत बसायला लोकांना काय, वेळच वेळ. आणि इथे लांब शोधायचीही गरज नव्हती.

तिने मुठी उघडल्या. मीठ तडतडलं, मोहरी उडाली, मिरच्या काळ्या पडल्या, धूर वर चढला. सगळ्यांनी नाकं वर केली. धुराला काही म्हणजे काही तिखटपणा नव्हता.

"काहून वं?" शेषराव म्हणाला. "ठसका नाही लागला?"

खुशालरावाने मोटारीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि मग तो एकेका माणसाकडे पाहू लागला.

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला आणि ती खोकली. खोकला इतका कोरडा निघाला की तिचा तिलाच खरा वाटेना. कोणीही साथ दिली नाही. भीतभीत तिने मान वर केली. मोटारीच्या दारात मनकर्णा उभी होती. सगळे शेगडीकडे पाहत होते. ती एकटी जावेकडे पाहत होती. तिला कळलं होतं.

आणि मनकर्णेला ठसका लागला. असा लागला की दाराला धरून ती वाकली.

"माय वो! काय तिखट मिरच्या हायेत ह्या!" ती कशीबशी म्हणाली. "कोणाची नाही न् काही नाही. मारा वो हँडल!"

तिचं पाहून शेषरावही खोकला. मग शेजारी खोकले. खुशालरावाने हँडल मारलं, आणि दुसऱ्या झटक्याला मोटार धडधडत सुरू झाली. पार्बताबाईचा हात खरोखरच गुणाचा होता.

"येतो, बाई," म्हणत मनकर्णा खाली उतरली आणि तिच्या पाया पडून उभी राहिली. जवळून पाहिलं तर एवढं खोकूनही तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. पार्बताबाईचे डोळे मात्र घळाघळा वाहत होते.

'मेलीला खोटं खोकणंसुद्धा माझ्याहून चांगलं जमतं!' असं मनात म्हणत तिने मनकर्णेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मोटार निघायची खोळंबली तरी तो उचलला नाही.