निरोगी रक्त

"मॅडम, नवीन पेप्टाइड वाया गेलं," म्हणत केतकीने चाचणीची पट्टी पुढे केली. रक्तातलं इन्सुलिन पट्टीवरच्या पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला, चिकटलं की लाल रेघ उमटायला हवी. पट्टी कोरीच होती.

वृंदा मॅडम वैतागल्या. निरोगी रक्त लागलं की लॅबमध्ये जो तो घरचंच माणूस आणायचा; आज त्यांनी स्वतःच्या लेकीला, रक्तात इन्सुलिन भरपूर असावं म्हणून, पोटभर जेवू घालून आणलं होतं.

"माझ्या रक्तावर करून बघ."

रेघ उमटली. केतकीच्या रक्तावर तर ठळक उमटली.

"म्हणजे पेप्टाइड चांगलंय!" केतकी खूश झाली.

मॅडमनी लेकीची कोरी पट्टी पुन्हा उचलली. तेवढ्यात लेक रिकामी बाटली हलवत आत आली.

"आई, परत पाणी संपलं."

महिनाभर त्या या तहानेचं खापर उन्हाळ्यावर फोडत होत्या.