शालूऐवजी

"शालू नको, मला गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायचाय," असं मृण्मयी चाचरत म्हणाली. होणाऱ्या सासूबाई हसल्या आणि बस्त्याच्या दिवशी तिला थेट कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन आल्या.

तिथेही पदर पारखावा तसा एकेक भाग त्या उलटसुलट करून बघत होत्या. "काळं कॅबिनेट? लग्नाचं आहे हो, पांढरं दाखवा!"

ग्राफिक्स कार्डापाशी मात्र मृण्मयी घुटमळली. नजर भारीतल्या कार्डावर खिळलेली, पण बोट साध्याकडे गेलं.

"हे का गं?"

"काकू, तुमच्या लेकाकडे हेच आहे. माझं त्याच्याहून भारी असलं, तर रोज हरेल आणि रुसून बसेल."

सासूबाईंनी ते कार्ड मागे सारलं. "भारीतलं बांधा," दुकानदाराला म्हणाल्या. मग तिच्या कानाशी, "लग्न झाल्यापासून मी ह्यांना कॅरममध्ये मुद्दाम जिंकू देतेय. घरात एकीनं केलं तेवढं पुरे."