किल्लीला लायक माणूस

जिना चढतानाच खिळेशेठनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ चर्चच्या पाळकसाहेबांना दाखवली आणि म्हणाले, "अशा घरांत पैसा टिकत नाही तो काही उगीच नाही."

पाळकसाहेब कठडा धरून चढत राहिले. जिना चढताना त्यांना धाप लागायची.

शेठचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या हातून सांडलेले खिळे ते वेचून पुन्हा पुढच्याच्या वजनात घालत, म्हणून चर्चमध्ये त्यांना खिळेशेठ हे नाव पडलं होतं. तोंडावर कुणी म्हणत नसे. दशांशाच्या बाबतीत मात्र माणूस चोख. आधी दुकानाचं भाडं, नोकरांचे पगार, घरचा किराणा आणि मुलीची फी वजा करायची, मग उरलेल्याचा दहावा हिस्सा देवाला. देवाने आजवर तक्रार केलेली नव्हती.

चर्चच्या मदतनिधीला आता नवा खजिनदार हवा होता. जुन्याला दिसेनासं झालं होतं. निधीची किल्ली आपल्याकडे यावी म्हणून शेठ वर्षभर गळ टाकून बसले होते. पहिल्या बाकावर बसायला मिळेल, लोक दुकानात येऊन गयावया करतील, आणि आपण नाही म्हणू. या शेवटच्या विचाराने त्यांना फार छान झोप लागायची. निधीत पैसा येतो कुठून याची त्यांना कधी फिकीर नव्हती. तो जातो कुठे, याने मात्र पोटात दुखायचं.

"किल्ली देण्याआधी एका बाईंना भेटून येऊ," असं पाळकसाहेब म्हणाले तेव्हाच शेठ समजून चुकले. आपण किती कडक आहोत ते यांना बघायचंय. मग दाखवूच.

दार बाईंनीच उघडलं. साठीच्या पुढच्या, कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर घातलेल्या. एकच खोली, कोपऱ्यात शेगडी आणि चार घरांतून गोळा केल्यासारख्या चार खुर्च्या. शेठ त्यातल्या बऱ्या खुर्चीत बसले.

"एकट्याच राहता?"

"हो."

"मग चार खुर्च्या कशाला?"

"माणसं येतात," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या.

चहाबरोबर बिस्किटं आली. बेकरीतली. हातात दमडी नसताना बेकरीतली बिस्किटं, हे शेठच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी चार खाल्ली आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.

"मिस्टर काय करायचे?"

"छापखाना होता. चांगला मोठा होता. ते गेल्यावर मी विकला."

शेठनी कान टवकारले. "मग त्या पैशाचं काय केलंत?"

"बरेचसे देऊन झाले."

"देणेकऱ्यांना?"

"ज्यांना द्यायला हवे होते त्यांना."

"म्हणजे डोक्यावर बोजा होता."

"होता खरा. आता पुष्कळ हलका झालाय."

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. "शेठ, मला वाटतं आधी मी जरा—"

शेठनी त्यांना हातानेच गप्प केलं. या माणसाच्या मऊपणानेच तर निधीला गळती लागली होती.

"खर्चाचं कुठे लिहून ठेवता?"

"नाही ठेवत. लिहिलं की मन त्यातच अडकून पडतं."

शेठ हसले. असलं हसू ते उधारी मागणाऱ्यासाठी राखून ठेवत. "बाई, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण मालक नाही, आपण नुसते कारभारी. सगळं प्रभूचं. एक दिवस तो हिशेब मागणार आहे."

"मागेल ना," बाई म्हणाल्या. "मीही तेच मनाशी म्हणत असते."

"नुसतं म्हणून काय उपयोग? एवढा छापखाना हाताशी होता, आणि आज अंगावर ठिगळाचा स्वेटर. तुम्ही उधळलंत."

बाईंनी क्षणभर विचार केला. "तसंही म्हणता येईल," त्या म्हणाल्या.

"म्हणता येईल नाही, तसंच आहे. अशा माणसाच्या हातात पैसा देणं हे पाप आहे. गरिबाचं मला वाईट वाटतं, पण गरिबीला लाडावणं मला जमायचं नाही." हे वाक्य शेठनी चर्चच्या पंचांसमोर बोलायला पाठ केलं होतं, इथेच वापरावं लागलं. ते उठले, शर्टावरचा बिस्किटांचा चुरा त्यांनी बाईंच्या फरशीवर झटकला. "मी असेपर्यंत त्या निधीतून तुम्हाला एक पैसा मिळणार नाही. त्या खुर्च्या विका आणि भागवा."

मग मान ताठ करून त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. परीक्षेत पहिला नंबर आपलाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पाळकसाहेब मात्र मान खाली घालून बसले होते. बाईंनी शेठचा उष्टा कप उचलला, मोरीत ठेवला आणि ओले हात पुसत त्यांच्याकडे वळल्या.

"निधीला द्यायची पुढच्या वर्षीची रक्कम मी काढून ठेवलीय, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "पण किल्ली यांच्याकडे नको."