चाळीस वर्षांचा धूर

शर्वरीने वाचनालयाच्या नव्या, कमी वीज लागणाऱ्या हरित इमारतीचा नकाशा तिथल्या टेबलावर पसरला. आर्किटेक्ट म्हणून तिचं हे पहिलंच मोठं काम. त्यासाठी वाचनालयाची जुनी इमारत पाडायची होती.

"नव्या इमारतीत वीज किती वाचेल?" ग्रंथपाल इनामदारबाईंनी विचारलं.

"निम्मी."

"आणि ती बांधताना सिमेंट-लोखंडापायी जो धूर होईल, तो या वाचलेल्या विजेतून भरून निघायला किती वर्षं लागतील?"

शर्वरीने ते मोजलंच नव्हतं. तिथेच बसून तिने मोजलं. चाळीस वर्षं!

दुसऱ्या दिवशी तिने वाचनालयाच्या समितीला सांगितलं, "पाडू नका. छताला पांढरा रंग द्या, खिडक्या मोठ्या करा. तेवढं पुरे."

समितीने ऐकलं आणि शर्वरीचं काम गेलं.

जिन्यात तिला रडू आलं. इनामदारबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले. "चल पोरी, आज माझ्याकडे जेवायचं."