नाव आत्यानं ठेवायचं

इलाईसाने वजनकाट्यावर उभी राहिली. बासष्ट किलो. आकडा ऐकून टोंगातल्या लिफुका बेटाच्या विमानतळावर तिला पोचवायला आलेल्या चौदा नातेवाइकांनी काटा नीट आहे ना, हे वाकून बघितलं. दोन वर्षांपूर्वी याच काट्यावर ती एकशे अठरा भरली होती आणि वैमानिकानं तोल सांभाळायला तिला बरोबर मधोमध बसवलं होतं. ती गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. आता मूत्रपिंडांनी दगा दिला होता. रक्त शुद्ध करायचं यंत्र ऑकलंडला, आणि तिकडून परतणारी माणसं थोडीच.

विमानाला वीस मिनिटं होती. बाकावर बसून तिनं धाकट्या भावजयीला, लुसेआनेला, शेजारी ओढलं. लुसेआनेला सातवा महिना होता.

"आता तरी सांग गं. मुलगा की मुलगी?"

लुसेआने पायाकडे बघत राहिली. तपासणीत नर्सनं तिला सगळं सांगितलं होतं, त्याला महिना झाला. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, आणि आत्याला नाही म्हणणारी बाई टोंगात अजून जन्मायची होती. लुसेआनेही नाही म्हणत नव्हती. ती नुसती गप्प बसत होती.

"तोंडात गरम रताळं धरलंयस का?" सासू पेलेनाइसे कडाडली. "माझी लेक विमानात बसायला निघाली आणि हिची वाचा बसलीय. नाव ठेवायला तिनं कुणाचं तोंड बघायचं?"

लुसेआनेच्या नवऱ्याकडून, सामिसोनीकडून, काढून घ्यायची सोय नव्हती. इथल्या रिवाजानं बहिणीच्या कानावर जाईल असं भावानं बाळंतपणाचं अक्षरही काढायचं नसतं. म्हणून सामिसोनी बाहेर ट्रकचे टायर तपासत होता. चारही तपासून तो पुन्हा पहिल्यापाशी आला होता.

"पोट पुढे आलंय, मुलगाच," चुलतसासू म्हणाली. "एका डुकराची पैज. मागच्या खेपेलाही असंच पुढे..."

ती थांबली. कुणीतरी तिला कोपर मारलं होतं.

मागच्या खेपेला लुसेआनेनं विचारल्याबरोबर सांगितलं होतं. इलाईसानेनं चर्चच्या जेवणावळीत उभं राहून नाव जाहीर केलं, केपू. मग गावभर तेच. केपू लाथा मारतो का? केपूला आज काय खावंसं वाटतंय? केपू जन्मला तो रडलाच नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव कुणी घेतलं नाही. लुसेआने कपडे धुताना ते स्वतःशीच म्हणायची. दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ते एकदा ऐकायला तिचा जीव तळमळायचा. आणि या बाळाचं नाव आधीच कुणी घेईल, या विचारानं मुलगा की मुलगी हेही ती कुणाला सांगत नव्हती.

"जरा हवा येऊ द्या," इलाईसाने म्हणाली. थोरल्या बहिणीचा शब्द. सगळे निमूट बाजूला झाले.

"नावाची धास्ती घेतलीस ना?"

लुसेआनेनं मान डोलावली.

"त्यानंतर आपल्या घरात दोन मुलगे झाले. दोघांच्याही आयांनी केपू हेच नाव मागितलं. आमच्या आजोबांचं नाव, मागणारच. मी दिलं नाही. म्हटलं, ते केपूचं आहे, तुम्ही दुसरं घ्या."

पोर खेळायला बाहेर गेलंय म्हणावं, इतक्या साधेपणानं ती बोलली. लुसेआनेला रडू आवरेना. इलाईसानेनं तिला रडू दिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

विमान उतरलं. गळ्यात फुलांच्या माळा घालून झाल्या, प्रार्थना झाली, सासूनं हंबरडा फोडला. इलाईसाने तापलेल्या धावपट्टीवरून दमत, थांबत निघाली. लुसेआने पोट सावरत, पोचवायला आलेल्यांना अडवणाऱ्या दोरीखालून वाकून गेली आणि तिनं तिला शिडीपाशी गाठलं.

"मुलगी आहे, वन्सं."

इलाईसानेचा चेहरा उजळला. नाव तयारच असणार. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात लुसेआनेनं तिच्या ओठांवर हात ठेवला. आत्याच्या तोंडाला असा हात लावायची कुणाची छाती नसते.

"आत्ता नको. फोनवरही नको. या आणि तिला मांडीवर घेऊन नाव ठेवा."

इलाईसानेनं तिचा हात हळूच खाली घेतला, पण सोडला नाही.

"आणि मी नाहीच आले तर?"

"मग राहील तशीच, बिननावाची," लुसेआने म्हणाली. "तुम्हाला चालणार असेल तर नका येऊ."