चुंबकाचं दार

आठवण हरवलेल्या म्हाताऱ्यांच्या त्या आश्रमात बाहेरच्या दाराला कुलूप नव्हतं. चौकटीत वर विद्युतचुंबक बसवला होता; वीज असेपर्यंत तो दार घट्ट धरून ठेवायचा. तरी तिथे राहणारे मास्तर रोज दोन्ही हातांनी दार ओढत बसायचे. "मुलगा 'आलोच' म्हणून गेलाय," असं सांगायचे. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. त्यांना सांभाळणारी मावशी दाराच्या मुठीवरची त्यांची बोटं एकेक करून अलगद सोडवायची.

एका दुपारी वीज गेली. थोड्या वेळाने चुंबकाला जोडलेल्या बॅटरीनेही मान टाकली आणि चुंबकाने दार सोडलं. ते मावशीच्या लक्षात आलं. मास्तर आता रस्त्यावर पोचले असणार! ती हातातलं ताट तसंच टाकून धावली.

मास्तर दारातच होते. वाऱ्याने उघडू पाहणारं दार त्यांनी अख्खं अंग टेकून आतून लावून धरलं होतं.

"अहो मास्तर, रोज दार उघडायला बघता ना? मग आज हे काय?"

"मला कुठे जायचंय? त्याला आत घ्यायचं होतं," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पण असं सताड उघडं दार दिसलं तर तो आल्या पावली परत फिरेल, मावशी. त्याला वाटेल, बाबा गेले."